बिबट्याच्या आधी म्हैस: प्राणी आणि वन्यजीव क्षेत्रातील शिक्षणाची ओळख

जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी अधूनमधून येत असते. रात्री कुत्र्यामागे धावणाऱ्या बिबट्याला कठडा नसलेली विहीर दिसत नाही आणि सकाळी मोटर सुरू करायला आलेल्या शेतकऱ्याला पाण्यातून गुरगुर ऐकू येते. तासाभरात विहिरीभोवती अख्खे गाव गोळा होते. अशा वेळी तिथे येणारी माणसे नीट पाहिली, तर प्राण्यांच्या क्षेत्रातील शिक्षणाचा जवळजवळ सगळा नकाशा समोर उभा राहतो. वनरक्षक गर्दी मागे सारतो आणि दोरांना बाज बांधून पाण्यात सोडायला लावतो, म्हणजे दमलेल्या बिबट्याला तिच्यावर चढून दम खाता येतो. वनक्षेत्रपाल वरिष्ठांशी बोलून पुढील कारवाईची परवानगी मिळवतो, कारण बिबट्या हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि त्याला पकडण्याची परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असतो. बिबट्या वर आल्यावर पशुवैद्य त्याची तपासणी करतो. त्याला सोडायचे की ठेवायचे, सोडायचे तर कुठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र वन्यजीव अभ्यासकाने आधी अनेक वर्षे गोळा केलेल्या माहितीत असते.

चौघांचीही नजर एकाच बिबट्यावर असली, तरी चौघे शिकले वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळे विषय. बारावीच्या निकालानंतर ‘आमच्या मुलीला प्राण्यांची फार आवड आहे, तिने काय करावे?’ असे पालक विचारतात, तेव्हा उत्तर देणे अवघड जाते ते यामुळेच. आवड प्राण्यांची आहे हे कळले, पण त्यांना बरे करण्याची, त्यांचा अभ्यास करण्याची की ते राहतात ती जागा राखण्याची, हे त्या प्रश्नात आलेलेच नसते. या तीन कामांच्या वाटा अकरावी-बारावीनंतर एकमेकींपासून दूर जातात आणि मध्येच एकीवरून दुसरीवर जाणे महागात पडते.

पहिली वाट पशुवैद्यकाची. या पदवीचे अधिकृत नाव पशुवैद्यकशास्त्र आणि पशुसंवर्धन पदवी असे आहे आणि त्यातला ‘पशुसंवर्धन’ हा शब्द अनेक विद्यार्थी वाचतच नाहीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे जातात. महाराष्ट्रात हे शिक्षण मुख्यतः महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. २००० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नागपूरला असून त्याची महाविद्यालये मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ अशा ठिकाणी आहेत. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या पशुवैद्यक महाविद्यालयांपैकी एक आहे. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. महाविद्यालय निवडताना त्याला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, हे आधी पाहावे, कारण मान्यता नसलेल्या पदवीवर ही नोंदणी होत नाही.

वाघ-बिबट्यांच्या ओढीने या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्याची गाठ पहिल्याच वर्षी म्हशीशी पडते. शरीररचनाशास्त्रात गाय-म्हैस हा मूळ नमुना धरतात आणि घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांची रचना तिच्याशी ताडून शिकवतात. पहाटे प्रक्षेत्रावर धारा काढणे, चाऱ्याचा हिशेब ठेवणे आणि गोठा धुऊन घेणे ही कामेही शिक्षणाचाच भाग असतात. पुढे कोठीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या मोठ्या कप्प्याची, हालचाल ओळखायला शिकवतात. जनावराच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ टेकवून दोन मिनिटे स्वस्थ उभे राहायचे. निरोगी गाईत तेवढ्या वेळात दोन-तीन वेळा आतून एखादी लाट सरकल्यासारखा हलका दाब मुठीला जाणवतो. काहीच जाणवले नाही, तर तिने रवंथ थांबवले आहे आणि मालकाने ‘काल लग्नातला उरलेला भात घातला होता’ असे सांगितले, की निम्मे निदान तिथेच होते. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गाभण जनावर तपासणे, अडकलेली वार, कासदाह, लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे या शिक्षणाचे रोजचे विषय आहेत. वन्यप्राण्यांचे आजार आणि त्यांची हाताळणी यांचा वाटा एकूण अभ्यासक्रमात लहान आहे.

यात फसवणूक झाल्यासारखे वाटण्याचे कारण नाही, कारण म्हशीवर शिकलेले बिबट्यापर्यंत जाते. बेशुद्धीचे औषध वजनावर ठरते, पण उसात लपलेल्या बिबट्याला वजनकाट्यावर उभे करता येत नाही. तो पंचेचाळीस किलोचा आहे की पासष्ट, हे दुरून पाहून ठरवावे लागते आणि ही नजर शेकडो जनावरांची वजने आधी अंदाजाने व मग मोजून पाहिल्यावरच बसते. डार्ट लागल्यावर दहा-पंधरा मिनिटे कोणी जागचे हलायचे नसते, कारण अर्धवट गुंगीतल्या प्राण्याला आवाजाने दचकवले तर औषध असूनही तो उठून पळतो. तो पूर्ण निजला की पहिले काम डोळ्यांचे असते. मांजरवर्गीय प्राण्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या केटामाइनने पापण्या उघड्याच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधतात, नाहीतर बुबुळ कोरडे पडते. मग श्वास, नाडी आणि तापमान यांवर दर काही मिनिटांनी लक्ष ठेवावे लागते. केटामाइनसोबत दिलेल्या झायलाझीनचा असर उतरवणारे औषध उपलब्ध आहे, परंतु खुद्द केटामाइनला उतारा नाही. त्यामुळे झायलाझीनचा उतारा घाईने दिला, तर स्नायू ताठरलेला, झटके देणारा प्राणी हातात येतो. केव्हा थांबायचे हे पुस्तकात मिनिटांत लिहिलेले असले, तरी ते कळते गोठ्यात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ.

वन्यजीव पशुवैद्याच्या कामाचा आणखी एक भाग बाहेरच्यांना सहसा दिसत नाही, तो म्हणजे शवविच्छेदन. वाघ मेलेला आढळला, की तो विजेच्या प्रवाहाने गेला, विषाने, झुंजीत की आजाराने, हे ठरवणे, नखे-दात जागेवर असल्याची नोंद करणे, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेसाठी मोहोरबंद करणे आणि शेवटी सर्वांसमक्ष मृतदेह जाळला जाईपर्यंत थांबणे हे सगळे या कामात येते. पुढे न्यायालयात साक्ष द्यावी लागते ती वेगळीच. ज्याला फक्त जिवंत, देखण्या प्राण्यांजवळ राहायचे आहे, त्याने हे आधीच जाणून घ्यावे.

पदवीनंतर याच विषयात पुढे जायचे असेल, तर वन्यप्राणी आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे. बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यजीवांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. राज्यात नागपूरचे गोरेवाडा, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, जुन्नरजवळील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालय अशा ठिकाणी पशुवैद्य हे काम करतात. पण अशा जागा मोजक्या आहेत हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुसंख्य पदवीधर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होतात, स्वतःचा दवाखाना काढतात किंवा दूधसंघ, कुक्कुटपालन व औषधनिर्मिती उद्योगांत जातात.

गोठ्यात गेलेला पशुवैद्य वन्यजीवांपासून दूर गेला असे मात्र समजू नये. गिधाडांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली जाहीर झाले, ते गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ साली बंदी आली, माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात म्हणून २०१५ साली त्या कुप्यांवर निर्बंध आले आणि २०२३ साली केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांचा गुरांमधील वापरही थांबवण्यात आला. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध बाजारात आहे. याचा अर्थ असा, की हरसूल किंवा गडचिरोलीच्या परिसरातील गिधाड वाचवण्याचा काही भाग तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात, लंगडणाऱ्या बैलासाठी कोणते इंजेक्शन भरायचे या निर्णयात असतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत माकडतापाने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले: रानात मेलेली माकडे दिसली, की गोचिडांमार्फत तो आजार माणसांपर्यंत येण्याचा इशारा मिळतो.

दुसरी वाट अभ्यासकाची आहे आणि तिच्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्यासाठी पशुवैद्यक व्हावे लागते. तसे नाही. बिबट्या काय खातो, किती फिरतो, एका तालुक्यात किती बिबटे राहू शकतात, हे प्रश्न वन्यजीव जीवशास्त्राचे आहेत आणि ज्याला ते पडतात, त्याने साडेपाच वर्षे गाई-म्हशींच्या रोगांवर घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र किंवा दुसऱ्या एखाद्या विज्ञान विषयातील पदवी घ्यावी आणि मग पदव्युत्तर पातळीवर वन्यजीवांकडे वळावे. वनशास्त्राची पदवी दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत आहे. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचे आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. देशपातळीवर १९८२ साली स्थापन झालेली देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. तेथील तुकड्या लहान असतात आणि प्रवेश परीक्षा व मुलाखतीवर होतो.

मुलाखतीत वाघांच्या किश्श्यांपेक्षा गणितच अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे. याचे कारण घरच्या डब्यात तपासून पाहता येते. एका डब्यात मटकी घ्यावी, तिच्यातले १०० दाणे काढून शाईने रंगवावेत आणि वाळल्यावर परत टाकून डबा चांगला हलवावा. आता न बघता दोन-तीन चिमटी दाणे काढावेत. समजा, ६० दाणे निघाले आणि त्यांतले १२ रंगीत होते. म्हणजे दर पाच दाण्यांमागे एक रंगीत आहे. रंगीत दाणे एकूण १०० असल्याचे आपल्याला माहीत आहे, तेव्हा डब्यात सुमारे ५०० दाणे असले पाहिजेत. सगळे दाणे न मोजता सबंध डब्याचा अंदाज आला.

वाघांची गणना याच तत्त्वावर उभी आहे, फक्त रंगवण्याचे काम निसर्गाने आधीच केलेले आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात, म्हणून कॅमेऱ्याने टिपलेले पहिले छायाचित्र हाच शाईचा ठिपका आणि तोच वाघ पुन्हा टिपला गेला की तो रंगीत दाणा परत हाती आला. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही एकसारखे नसल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. शाई धुऊन गेली, रंगीत दाणे तळाशी बसले किंवा मधल्या वेळात कोणी मूठभर मटकी काढून नेली, तर आपले उत्तर चुकेल. जंगलात याचा अर्थ असा, की कॅमेरा पाहून वाट बदलणारा वाघ, गणनेच्या काळात स्थलांतर करणारा वाघ आणि कॅमेऱ्यांच्या मधल्या जागेतच वावरणारी वाघीण या सर्वांचा विचार सूत्रात करावा लागतो. वन्यजीव संख्याशास्त्राचा मोठा भाग या ‘जर-तर’ सांभाळण्याचाच आहे. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा त्या आकड्यांना खालची आणि वरची मर्यादा आहे, हे फार थोड्या वाचकांच्या लक्षात आले असेल. ती मर्यादा काढणे आणि समजावून सांगणे हे या शिक्षणातून आलेल्या माणसाचे काम आहे.

अशा अभ्यासाने प्रत्यक्ष निर्णय कसे बदलतात, याचे उदाहरण पुन्हा जुन्नरकडेच नेते. २००१ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याची मोहीम झाली, आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे दिसले. पकडलेल्या काही बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी बसवलेल्या मायक्रोचिपमुळे तोच प्राणी पुन्हा कुठे सापडला हेही कळू शकले. पुढे अकोले परिसरात, जिथे जंगल जवळजवळ नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे कॅमेरे लावल्यावर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. म्हणजे हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नव्हते, ते तिथलेच रहिवासी होते. ‘उचलून जंगलात सोडा’ हे उत्तर मग टिकत नाही.

या वाटेची उणी बाजू पैशांची आहे. नोकऱ्या बहुधा प्रकल्पांवर असतात, प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो आणि पुढच्याची शोधाशोध सुरू होते. स्थिर पद हवे असेल, तर डॉक्टरेटला पर्याय जवळजवळ नाही. घरून काही वर्षे थोडाफार आधार मिळेल का, हा प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने बोलून घेतलेला बरा.

तिसरी वाट वनविभागाची. इथे शिक्षण स्पर्धा परीक्षेतून येते आणि प्रशिक्षण नेमणुकीनंतर मिळते. वनरक्षकाची भरती बारावीवर होते आणि त्याच्याकडे एक नियतक्षेत्र, म्हणजे जंगलाचा लहानसा ठरावीक भाग असतो. वनपालाकडे अशा काही भागांचे परिमंडळ आणि वनक्षेत्रपालाकडे सबंध परिक्षेत्र. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे राज्य लोकसेवा आयोग भरतो, तर भारतीय वन सेवेची परीक्षा केंद्रीय आयोग घेतो. वन सेवेसाठी विज्ञानाच्या ठरावीक विषयांची, वनशास्त्राची, कृषीची, अभियांत्रिकीची किंवा पशुवैद्यकाची पदवी चालते. लेखी परीक्षा व मुलाखत यांच्या जोडीला पुरुषांना चार तासांत २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. या नोकरीत प्राण्यांशी थेट संबंध वाटतो त्याहून कमी येतो. अतिक्रमण, वणवा, रोपवाटिका, पीकनुकसानीचे पंचनामे, ग्रामसभा आणि न्यायालय यांतच बराच दिवस जातो. तरीही एखाद्या जंगलाचे दहा वर्षांनी काय होणार, हे ठरवण्याचे अधिकार याच वाटेने हाती येतात. वाघगणनेच्या पहिल्या टप्प्यात आपल्या नियतक्षेत्रात पायी हिंडून ठसे, विष्ठा आणि तृणभक्षी प्राणी नोंदवणारा माणूस वनरक्षकच असतो. त्याच्या नोंदी ढिसाळ असतील, तर वर सांगितलेले गणित कितीही चोख केले तरी उपयोग होत नाही.

याशिवाय दहावी-बारावीनंतरचे पशुसंवर्धन पदविका अभ्यासक्रम, प्राणिसंग्रहालयातील रक्षकाचे काम आणि निसर्ग मार्गदर्शन अशा लहान वाटाही आहेत, पण त्यांचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पाहणेच योग्य ठरेल. एका गोष्टीविषयी मात्र सावध केले पाहिजे. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात साप पकडायला शिकून, हातात नाग धरलेले छायाचित्र काढून या क्षेत्रात प्रवेश होतो, असा समज तरुणांमध्ये पसरला आहे. तो चुकीचा आहे आणि परवानगीविना साप पकडणे हा कायद्याने गुन्हा आहे. जखमी घुबड किंवा शेतात सापडलेली बिबट्याची पिल्ले प्रेमाने घरी आणून ठेवणे हाही कायद्याने गुन्हा आहे. उसतोडणीच्या वेळी सापडणाऱ्या पिल्लांची आई बहुतेकदा जवळच असते आणि ती जागीच सुरक्षित ठेवली, तर रात्री येऊन घेऊन जाते. पिल्लांना हात न लावता वनविभागाला कळवणे एवढेच इतरांचे काम आहे.

अकरावी-बारावीत असलेल्या विद्यार्थ्याने कोणतीही वाट ठरवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. जमत असेल तर जीवशास्त्राच्या जोडीला गणित सोडू नये. आणि सुट्टीत आठवडाभर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, डॉक्टरांची परवानगी घेऊन, सकाळी नुसते बसावे. शेळीच्या गळवातला पू, मालकाची घासाघीस आणि लस टोचताना बसणारी लाथ पाहूनही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले, तर पहिल्या वाटेचा विचार करता येईल. ज्याचे मन तिथे न रमता दवाखान्याच्या आवारातील वडावर बसलेल्या धनेशाकडे वळेल, त्याने एक वही करावी. तारीख, वेळ, जागा, आभाळ, पक्षी कोणता, किती, काय करत होता, एवढे रोज लिहावे. ज्या दिवशी तो दिसला नाही, त्या दिवशीही वही उघडून ‘नाही’ असे लिहावे, कारण तो येणे कधी थांबला हे पुढे केवळ त्याच पानांवरून काढता येईल.